टेम्पो : हॅम्बुर्गहून धारपर्यंत

परक्या भाषेतला शब्द आपल्या घरात नांदू लागला, की काही काळाने त्याचे माहेर कोणी विचारीत नाही. 'टेबल' आणि 'स्टेशन' इंग्रजांच्या राज्यात आले, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. 'टेम्पो' या शब्दाचे तसे नाही. कोशात पाहावे, तर गायनवादनातील लयीची गती असा अर्थ मिळतो आणि लयीचा व कांद्याच्या पोत्यांचा संबंध काय, या कोड्यात वाचक पडतो. हा संबंध एका कारखान्यामुळे जडला. कारखाना जर्मनीत, हॅम्बुर्ग शहरी होता. तो फार मोठा कधीच नव्हता, आणि आज त्या नावाने तो कोठेही नाही. त्याची पाटी हॅम्बुर्गात उतरली, पुढे पुण्यातही उतरली. आपल्या तोंडून मात्र ती उतरायला तयार नाही.

आपल्या घराण्यांच्या सनदा, वाडे आणि देवघरे यांच्याविषयी आपण मंडळी पुष्कळ बोलतो, लिहितो. आम्ही या खेपेस एका वाहनाच्या घराण्याची हकीकत मांडू इच्छितो. पवारांबरोबर आलेल्या आपल्या पूर्वजांइतके ते येथे जुने नाही. तथापि परमुलखातून येऊन या मातीत रुजण्याची गोष्ट आपणांस परकी वाटू नये.

१९२४ साली हॅम्बुर्ग येथे मॅक्स आणि ऑस्कर विडाल यांनी 'विडाल उंड झोन', म्हणजे 'विडाल आणि पुत्र', या नावाची पेढी स्थापिली. 'टेम्पो' हे तिच्या मालाचे नाव. वाहन बांधण्यास त्यांनी हात घातला तो १९२८ च्या सुमारास, आणि त्याला एका सरकारी नियमाचे निमित्त होते. त्या वर्षी जर्मनीत दोनशे घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या, चारांहून कमी चाकांच्या हलक्या वाहनांना कर आणि चालकाचा परवाना या दोहोंतून सूट मिळाली. आमचे उभे आयुष्य नियमांच्या फायलींत गेले. नियमाने माणसे अडलेली आम्ही पुष्कळ पाहिली. नियमाच्या एका ओळीतून नवा धंदा उभा राहिल्याचे उदाहरण क्वचितच पाहिले. बेकरीवाला, कोळसेवाला, दूधवाला, असे ज्यांना लॉरी परवडत नव्हती आणि हातगाडी पुरत नव्हती, ते विडालचे गिऱ्हाईक झाले. पहिल्या गाडीची रचना आज पाहिली तर हसू येते. माल पुढे पेटीत, आणि चालक मागे सायकलीच्या बैठकीवर! परंतु ती विकली गेली, आणि पुढच्या दशकात हा कारखाना जर्मनीतील छोट्या मालवाहू गाड्यांच्या प्रमुख कारखान्यांत गणला जाऊ लागला.

१९३० च्या दशकातच त्या कारखान्याला आपली खरी रचना सापडली. ती रचना समजून घेतल्याखेरीज पुढची गोष्ट कळणार नाही. पुढे एकच चाक. त्या चाकाच्या वर, नाकाडाच्या आत, लहानसे दोन फेऱ्यांचे इंजिन. आणि इंजिनाची शक्ती साखळीने त्याच पुढच्या चाकाला. मागची दोन चाके नुसती ओझे वाहणारी. याचा लाभ असा की मागे शक्ती पोचवायची नसल्यामुळे लांब दांडा नको, मागच्या आसातली दातेरी चाकांची गुंतागुंत नको. मागचा हौदा जमिनीलगत, सपाट आणि मोकळा राहतो. हमालाला पोते खांद्याएवढे उचलावे लागत नाही, कमरेएवढे उचलले की झाले. गाडी स्वस्त पडते आणि बिघाडही थोडे होतात. दोष दोन. वळणावर वेग आवरला नाही तर ती कलंडते. आणि मागे माल भरून चढाला लावली, की भार मागे सरतो, पुढचे चाक हलके होते आणि जागच्या जागी गरगरते. ज्या चाकाने ओढायचे, तेच अधांतरी!

या रचनेचा सर्वांत परिपक्व अवतार म्हणजे १९४९ चा 'हान्झेआट'. उत्तर जर्मनीतील बंदरांच्या जुन्या व्यापारी संघास 'हान्झा' म्हणत, त्यावरून हे नाव. चारशे घनसेंटिमीटरच्या जवळपासचे, दोन नळकांड्यांचे इंजिन आणि पाऊण टनाच्या आसपास ओझे. त्याच वर्षी विडालने 'मॅटॅडोर' ही चारचाकी गाडीही बाजारात आणली. तिचे इंजिन फोक्सवॅगन कंपनीकडून विकत घेतलेले होते, आणि येथे या कारखान्याची दुखरी नस आहे. फोक्सवॅगनने स्वतःची मालवाहू गाडी काढली. मग प्रतिस्पर्ध्याला इंजिने कोण पुरवणार? १९५२ मध्ये पुरवठा थांबला. विडालने पुढे हाइन्केलचे इंजिन घेतले, नंतर इंग्लंडच्या ऑस्टिनचे घेतले. दर वेळी सांगाडा आपला आणि काळीज उसने. १९५५ मध्ये निम्मी मालकी हानोमागकडे गेली, १९६६ मध्ये उरलेली गेली. पुढे हानोमागच्या गाड्यांचा धंदाच डाइम्लर-बेंझच्या पोटात गेला. हारबुर्ग भागातल्या त्या जागी आज मर्सिडीजचे सुटे भाग तयार होतात. आमच्या मते विडाल स्पर्धेत हरले ते गाडी वाईट म्हणून नव्हे; इंजिन दुसऱ्याच्या हाती होते म्हणून. कोणी जाणता अभियंता यावर आक्षेप घेईल, त्याने तो अवश्य घ्यावा.

आता पुण्याकडे वळू. तत्कालीन अहमदनगरचे फिरोदिया घराणे स्वातंत्र्याच्या चळवळीतले. कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे चिरंजीव नवलमल हे कायद्याचे पदवीधर, तुरुंगवास भोगलेले. वकिली सोडून ते कारखानदारीकडे वळले. माणसाने माणसाला ओढायची रिक्षा बंद व्हावी, या ध्यासातून त्यांनी स्वातंत्र्यानंतर लगेच तीनचाकी यांत्रिक रिक्षेचा पाठपुरावा केला, ही हकीकत पुष्कळांस ठाऊक असते. त्यामानाने १९५८ ची हकीकत कमी सांगितली जाते. त्या वर्षी त्यांनी विडालच्या कारखान्याशी करार करून 'बजाज टेम्पो' ही कंपनी उभारली आणि मुंबईत गोरेगाव येथे हान्झेआट बांधावयास प्रारंभ केला. १९६४ मध्ये पुण्याजवळ आकुर्डीचा कारखाना सुरू झाला. १९६९ मध्ये मॅटॅडोर आला. आपल्याकडे त्याचा 'मेटाडोर' झाला, आणि तोही सामान्यनाम होऊन बसला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हान्झेआटचे उत्पादन जर्मनीत १९५६ मध्येच थांबले होते. तिकडचा दुकानदार दोन पैसे राखून चार चाकांवर गेला होता. म्हणजे आपल्याकडे जे आले, ते त्यांनी टाकून दिलेले होते. यावरून आमच्या विद्यार्थिदशेत पुष्कळ नाके मुरडली जात. परदेशाने उतरवलेला अंगरखा आपण घालतो, अशी तक्रार होई. आम्हांस ती तेव्हाही पटली नाही. १९२८ चा हॅम्बुर्गचा कोळसेवाला आणि १९६० चा आपला मंडीतला आडत्या यांची गरज एकच होती. लॉरी परवडत नाही आणि बैलगाडी पुरत नाही. ज्याच्या मापाचा अंगरखा, त्याला तो होतो. शिवला केव्हा, हे गौण आहे. आणि एक गोष्ट खरीच, की ज्या छोट्या कारखान्याला घरच्या बाजारात चणचण होती, तोच आपली रचना मोकळ्या हाताने दुसऱ्याला द्यायला तयार होता. बड्यांनी एवढे दिले असते की नाही, याविषयी आम्ही साशंक आहोत.

धरमपुरीच्या बाजारात टेम्पो आला तेव्हा आम्ही शाळेत होतो. आमचे गाव नर्मदाकाठचे. आग्रा-मुंबई रस्ता खलघाटला नदी ओलांडतो आणि आम्ही त्या रस्त्यापासून अंमळ आडवाटेला. धामनोदहून किराणा, घासलेटचे डबे, कापडाचे गठ्ठे येत ते बैलगाडीने. एका शेठजींनी टेम्पो आणला. निळसर धूर, फटफट असा आवाज आणि पुढे आलेले ते नाकाड. पुण्याकडची माणसे अशा गाडीला 'डुक्कर रिक्षा' म्हणतात, हे आम्हांस फार पुढे कळले. आमच्याकडे ती पहिल्या दिवसापासून 'टेम्पो'च होती, कारण नाकाडावर तसे लिहिले होते आणि गावात वाचता येणारे पोरगे पुरेसे होते. नदीकडून गावात येणाऱ्या चढावर तिचे पुढचे चाक गरगरू लागले, की चालक दोघा हमालांना हाक मारून पुढच्या अंगाला लोंबकळायला लावी. मग भार पुढे येई, चाक माती धरी आणि गाडी चढे. भौतिकशास्त्राचा हा पाठ आम्ही पुस्तकाआधी तेथे शिकलो. महाविद्यालयात 'गुरुत्वमध्य' हा शब्द प्रथम ऐकला, तेव्हा डोळ्यांपुढे ते दोन हमाल उभे राहिले.

बैलगाडी दिवसाकाठी एक खेप करी. टेम्पो तीन-चार करी. ज्या गाडीवानाकडून आमच्या घरचे धान्य वर्षानुवर्षे येत असे, त्याने दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यात बैलजोडी हाटात विकली. आमच्या आईने त्याला विचारले, "आता काय करणार?" तो म्हणाला, "बाईसाब, हमाली." पुढे आम्ही त्याला टेम्पोच्या नाकाडाला लोंबकळताना पाहिले. आईला हे आम्ही सांगितले नाही.

शब्द एकच असला, तरी प्रांताप्रांतांत त्याचा अर्थ बदलतो, याचा अनुभव आमच्या घराने मोठा घेतला. महाराष्ट्रात टेम्पो म्हणजे मालाची गाडी, मग ती कोणत्याही कंपनीची असो. इंदुरात टेम्पो म्हणजे सवाऱ्यांची गाडी. राजवाड्यापासून दोन्ही बाजूंनी माणसे गुडघ्याला गुडघा लावून बसत, आणि निम्मे शहर त्यानेच फिरत असे. १९७९ मध्ये आमच्या भगिनीचा विवाह इंदुरास ठरला. वरपक्ष पुण्याचा. आमच्या वडिलांनी व्याह्यांना मोठ्या अगत्याने पत्र धाडले, की आपण मंडळी खांडव्याहून मीटरगेजच्या गाडीने उतराल, तेव्हा स्टेशनावर चार टेम्पो सांगून ठेवले आहेत, काळजी नसावी. उलट टपाली उत्तर आले, की आम्ही वऱ्हाडी आहोत, पोती नव्हे. लग्न मोडते की काय, असे दोन दिवस घर चिंतेत होते. शेवटी एका मध्यस्थाने दोन्हीकडे अर्थ समजावून दिला. वऱ्हाड टेम्पोनेच गेले. परंतु व्याही मात्र टांग्याने गेले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

त्यानंतर काही वर्षांतच टेम्पोचा कारखाना आमच्या जिल्ह्यात येणार, हे कोणास सांगून खरे वाटले नसते. १९८० च्या दशकात राज्य शासनाने धार जिल्ह्यात, महूच्या पलीकडे, पिथमपूर येथे औद्योगिक क्षेत्र उभारावयास घेतले. इंदूर हाकेच्या अंतरावर, मुंबईचा रस्ता जवळ, आणि जिल्हा मागास म्हणून सवलती. बजाज टेम्पोने तेथे कारखाना घातला. आयशरच्या हलक्या मालमोटारी तेथे होऊ लागल्या. नवलमलजींचे बंधू हस्तीमल यांच्या घराची कायनेटिक होंडा स्कूटरही तेथेच तयार होऊ लागली. ज्यांची लूना आपल्यापैकी निम्म्या मास्तरांनी आणि कारकुनांनी चालवली, तेच हे घर. (स्कूटरचा तो व्यवसाय २००८ मध्ये महिंद्रकडे गेला.) एका घरचे दोन भाऊ नगरहून निघाले आणि दोघांच्याही कारखान्यांनी पवारांच्या जुन्या मुलखात मुक्काम केला, हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो. शासनाच्या जाहिराती पिथमपूरला 'भारताचे डेट्रॉइट' म्हणत. आम्ही त्या जाहिरातींच्या आणि जमिनीच्या मधल्या टेबलावर होतो.

आम्ही तेव्हा महसूल विभागात नुकतेच रुजू झालो होतो. औद्योगिक क्षेत्रासाठी घेतलेल्या जमिनींच्या नोंदी, हिस्से, वारसांची नावे, मोबदल्याचे वाटप ही आमची कामे. कायदा १८९४ चा, मोबदल्याचा हिशोब बेताचा. नकाशात जेथे एक चौकोन दिसे, तेथे प्रत्यक्षात विहीर असे, दोन आंब्याची झाडे असत, एखाद्या पूर्वजाचा ओटा असे. मोबदला विहिरीचा देता येई, झाडांचा देता येई. ओट्याचा रकाना नमुन्यात नव्हता. एक वृद्ध शेतकरी पैसे घेण्यास आला, अंगठा उमटवला आणि त्याने विचारले, "साब, याँ बणेगा कई?" आम्ही सांगितले, कारखाने होतील, टेम्पो वगैरे. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "टेम्पो बणेगा, तो म्हारा छोरा के चलाने तो देगा?" कचेरीतले सारे हसले. तो हसला नाही. त्याने तो प्रश्न खरोखरच विचारला होता.

त्याची जमीन पुढे कोणत्याच कारखान्यात गेली नाही. ती अंतर्गत रस्त्यात गेली. त्याचा मुलगा शाळा शिकलेला नव्हता, त्यामुळे यंत्रावरची नोकरी त्याच्यासाठी नव्हती. तो प्रथम बांधकामावर लागला आणि पुढे ड्रायव्हर झाला. मोबदल्याच्या पैशांतून त्या कुटुंबाने घर पक्के केले, एक लग्न केले आणि उरले ते गेले. मुलगा आम्हांस बऱ्याच वर्षांनी धार येथे बसस्थानकाबाहेर भेटला. कोणा मालकाच्या गाडीवर होता. वडिलांचा प्रश्न त्याला माहीत नव्हता. आम्ही तो सांगितला, तेव्हा तो म्हणाला, "दे तो दियो, साब. पण गाडी म्हारी कोनी." पिथमपूर झाले नसते तर हजारो घरांत पगार आला नसता, हे आम्ही आकडे पाहिलेला माणूस म्हणून सांगतो. तरी त्या मुलाचे वाक्य त्या आकड्यांत कोठे बसवावे, हे आम्हांस आजवर साधलेले नाही.

पिथमपूरच्या कारखान्यातून १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून 'टेम्पो ट्रॅव्हलर' बाहेर पडू लागली. तिची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. विडालचा चारचाकी मॅटॅडोर पुढे हानोमागचा झाला, मग मर्सिडीजचा झाला, आणि हारबुर्गच्या कारखान्यातून १९७७ पर्यंत निघत राहिला. त्याच्या जागी मर्सिडीजने ब्रेमेन शहरी नवी व्हॅन काढली. आपली ट्रॅव्हलर त्या ब्रेमेनच्या व्हॅनवरून उतरली. म्हणजे जर्मनीत ज्या क्रमाने एक गाडी गेली आणि दुसरी आली, त्याच क्रमाने काही वर्षांनी पुण्यात आणि धारमध्ये मॅटॅडोर मागे पडला व ट्रॅव्हलर आली. वंश एकच, फक्त थोरली पाती आणि धाकटी पाती. देवासच्या वाचकांस पातींची ही भाषा समजावून सांगावी लागणार नाही.

इंजिनाच्या बाबतीत मात्र पुण्याच्या मंडळींनी विडालपेक्षा वेगळी वाट धरली. मर्सिडीजकडून डिझेल इंजिनाची रचना घेतली ती येथेच बांधण्यासाठी. पुढे तर स्वतः मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू यांच्या भारतात होणाऱ्या मोटारींची इंजिने हीच कंपनी जोडून देऊ लागली. काळीज उसने घेतले, पण ते शिवण्याची विद्या शिकून घेतली. हॅम्बुर्गचा कारखाना बुडाला आणि पुण्याचा तगला, यातले अर्धे कारण आम्ही येथे पाहतो. उरलेले अर्धे कारण परवान्यांच्या राज्यात स्पर्धक थोडे होते, हे असावे. सरकारी नोकरीत राहिलेल्याने ते लपवू नये.

२००५ मध्ये कंपनीने नाव बदलले. 'बजाज टेम्पो'ची 'फोर्स मोटर्स' झाली. गाडीच्या नाकावर आता 'फोर्स' लिहिलेले असते आणि कागदोपत्री गाडीचे नाव नुसते 'ट्रॅव्हलर' आहे. लग्नाची बोलणी करताना मात्र आजही कोणी 'फोर्स सांगितली' असे म्हणत नाही. इंदुरातले सवारी-टेम्पो २००६ मध्ये शहर बससेवा सुरू झाल्यानंतर हळूहळू दिसेनासे झाले. राजवाड्यापाशी उभ्या राहणाऱ्या तरुण मुलांना टेम्पोत बसून माणसे कामाला जात, हे सांगितले तर ती पुण्याच्या आमच्या व्याह्यांसारखे तोंड करतात.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही धरमपुरीस परतलो. हिवाळ्यात महाराष्ट्रातून नर्मदा परिक्रमेस निघालेली मंडळी येथे येतात. पायी येणारे थोडे, वाहनाने येणारे पुष्कळ. पुण्याच्या, नाशिकच्या पाट्या लावलेल्या पांढऱ्या ट्रॅव्हलर नदीकडच्या रस्त्याला उभ्या राहतात. गेल्या माघात अशाच एका गाडीतून उतरलेल्या बाईंनी आम्हांस तुटक्या हिंदीत बिल्वामृतेश्वराच्या बेटावर जाण्याची नाव कोठे मिळेल, असे विचारले. आम्ही मराठीत उत्तर दिले. त्यांना आश्चर्य वाटले. "तुम्ही पुण्याचे का? इकडे कधी आलात?" आम्ही म्हटले, "अंदाजे पावणेतीनशे वर्षांपूर्वी." मग गाडीकडे बोट करून त्यांना सांगितले, की ही तुमची गाडी पुण्याची दिसत असली तरी तिचे माहेर आमच्या जिल्ह्यातले. त्यांना ते खरे वाटले नाही. तेवढ्यात चालकाने खिडकीतून डोके बाहेर काढून हाक दिली, "ताई, तुम्ही दर्शन करून या, मी टेम्पो सावलीत लावतो."